चौथ्या गाण्यातली करंगळी

"ताई, चौथ्या गाण्यात तो वरचा सूर मी कुठल्या बोटानं धरलाय गं?"

फोनवर माझा धाकटा भाऊ होता. गुरुवार, सकाळचे साडेअकरा. समोर तपासणीच्या खुर्चीत एक निवृत्त गृहस्थ बसले होते, नाकावर ती जड गोल फ्रेम, डाव्या डोळ्यावर काळी चकती, आणि मी एकामागून एक भिंगं बदलत त्यांना विचारत होते, हे स्पष्ट की हे. चष्म्याच्या दुकानात अकरा वर्षं मी दिवसाला शंभरदा हाच प्रश्न विचारते. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता. 'करंगळीनं' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, अगदी टोकावर. तो गिळून मी म्हणाले, "मला काय विचारतोस? वाजवलंयस तू, आठव तू." आणि भलत्याच नंबरचं भिंग त्या गृहस्थांच्या डोळ्यांपुढे सरकवलं. "आता तर पाटीच गेली हो," ते म्हणाले. फोनमध्ये भाऊ म्हणाला, "तीन आठवडे झाले, बसत नाहीये हात. रेकॉर्डिस्टकडून माझी सुटी फाईल मागवलीय. फक्त गिटारची. ती ऐकली की कळेल." मी म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. गृहस्थांना म्हणाले, माफ करा, पुन्हा पहिल्यापासून बघू. त्या फाईलमध्ये काय आहे ते मला माहीत होतं. चौथ्या गाण्यातली गिटार त्यानं वाजवलेली नव्हती. मी वाजवली होती.

आमचा बँड चौघांचा. गाणारी, जी दिवसा एका दवाखान्यात नावं पुकारायचं काम करते आणि म्हणून तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. ड्रमवाला, जो कवळ्या बनवतो. त्याच्या खिशात नेहमी कुणाचे तरी दात असतात. गिटारवर माझा भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करतो, अडकलेल्या माणसांना दारातून हात देऊन बाहेर काढतो, आणि घरी येऊन त्याबद्दल चकार शब्द बोलत नाही. घरात त्याला लहानपणापासून ठोंब्या म्हणतात, ते याच न बोलण्यावरून. आणि बासवर, म्हणजे जाड तारांच्या, खालच्या सुरांच्या गिटारवर, मी. बास वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. मी तो वाजवते कारण बँड सुरू झाला तेव्हा ते कुणालाच नको होतं आणि मी सगळ्यांत मोठी होते. मोठ्या बहिणीच्या वाट्याला उरलेलं येतं, मग ते गाण्यात का असेना. नऊ वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या समारंभांत दुसऱ्यांची गाणी वाजवली, आणि शेवटी आमची स्वतःची आठ गाणी जमली. 'मधला मजला' असं आमच्या पहिल्या अल्बमचं नाव. ते ठोंब्याचंच; दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की माणसं खरं बोलायला लागतात, असं तो एकदा म्हणाला होता, वर्षभरातलं त्याचं सर्वांत लांब वाक्य. तीन आठवड्यांपूर्वी अल्बम बाहेर आला. तीनशे सीड्यांची कव्हरं आम्ही आईच्या घरी जमिनीवर बसून स्वतः दुमडली. आईसुद्धा बसली होती, तिची सर्वांत सरळ दुमडली जात होती आणि तसं ती दर दहा मिनिटांनी बोलूनही दाखवत होती. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, वाचनालयाच्या सभागृहात, आठही गाणी पहिल्यांदा लोकांसमोर वाजायची होती. चौथं गाणं गिटारनंच सुरू होतं. बावीस सेकंद, एकटी साधी लाकडी गिटार, ना ड्रम ना आवाज ना बास. लपायला जागा नाही.

दुपारभर मी चष्मे विकले. एका बाईंना फ्रेम बसवताना त्यांच्या कानामागची कातडी चिमटली गेली, त्या ओरडल्या, मी माफी मागितली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. प्रत्येक वेळी दुकानातला फोन वाजला की मला वाटे, तोच आहे, ऐकली त्यानं. रेकॉर्डिस्टला फोन करून सांगावं, ती फाईल पाठवू नकोस, हरवली म्हण, असं दोनदा मनात आलं. दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. सांगायचं म्हणजे स्वतःच्या तोंडानं म्हणायचं की मी हे लपवतेय. इतके दिवस मी ते मनातल्या मनातसुद्धा त्या शब्दांत म्हटलं नव्हतं. मी म्हणत होते, मदत केली. मी म्हणत होते, वेळ नव्हता. आणि खरोखरच वेळ नव्हता. रेकॉर्डिस्टची खोली एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वर आहे, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीत उशा कोंबलेल्या. आमचं रेकॉर्डिंग चाललं होतं तेव्हा सोमवारपासून ती दुसऱ्या कुणाला दिलेली होती. त्याआधीच्या शुक्रवारी ठोंब्यानं त्या बावीस सेकंदांचे चौतीस प्रयत्न केले. मी काचेच्या अलीकडे बसून मोजत होते. धून त्याची स्वतःची, त्यानं बसवलेली, साधी आणि फार सुंदर. पण रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की त्याचे हात दुसऱ्याचे व्हायचे. कधी मध्येच घाई, कधी तार घासायची, कधी सगळं नीट आणि तरीही मेलेलं. चौतिसाव्यानंतर त्यानं गिटार पेटीत ठेवली, पेटीच्या कड्या लावल्या आणि म्हणाला, "यातून काय जमतंय ते जोडा." रविवारी त्याची लिफ्टची ड्यूटी होती. रविवारी दुपारी मी आणि रेकॉर्डिस्ट दोघंच त्या खोलीत. त्यानं तुकडे जोडून दाखवले. बरोबर होते. ऐकवत नव्हते. "ताई," तो म्हणाला, "तुम्हीच वाजवून द्या ना. धून येते तुम्हाला. कोणाला कळणार आहे?" मी लगेच नाही म्हणाले. मग चहा प्यायले. मग म्हणाले, गिटार आहे का इथे एखादी.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि ती मला चोरीपेक्षा जास्त लागते. ती गिटार मांडीवर घेतली तेव्हा मला आनंद झाला. इतका, की लाज वाटावी. कारण गिटार आधी माझी होती. घरात पहिली आली ती माझ्यासाठी, मी बारा वर्षांची असताना, मावशीच्या घरातून, एक तार नसलेली. दोन वर्षं मी तिच्याशिवाय काही केलं नाही. मग मीच ती ठोंब्याला शिकवली आणि हळूहळू ती त्याची झाली, जसे माझे स्वेटर त्याचे झाले. कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. आई म्हणायची, तुला अभ्यास आहे, त्याला वाजवू दे, त्याचा जीव रमतो. मी खरंच आनंदानं दिली. निदान तेव्हा तसं वाटलं होतं. पण त्या रविवारी, गाद्यांच्या खोलीत, गिटार मांडीवर असताना पहिल्यांदाच लाल दिवा माझ्यासाठी लागला होता, आणि माझ्या हातांना सगळं आठवत होतं. दुसऱ्याच प्रयत्नात झालं. शेवटाकडे, जिथे त्याची धून खाली उतरते, तिथे माझा हात आपसूक वर गेला. पहिलं बोट तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या तिसऱ्या पट्टीवर, तसंच दाबलेलं, खालचा सूर घुमत ठेवून, आणि करंगळी लांब ताणून सातव्यावर. एक वरचा सूर, चार सेकंद. तो धुनेत नव्हता. तो माझा होता. रेकॉर्डिस्टनं काचेपलीकडून दोन्ही हात वर केले. आणि मी, बावीस सेकंदांत, माझ्या भावाची करंगळी विसरले.

त्याच्या डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरात वाकडी आहे. ती सरळ होत नाही, बाहेर ताणली जात नाही. गिटार वाजवताना तो तीनच बोटं वापरतो आणि चौथं आत दुमडून ठेवतो. त्याचं सगळं वाजवणं त्या तीन बोटांतून आलेलं आहे, त्याच्या धुना कधी लांब उडी मारत नाहीत, शेजारच्या शेजारी चालत जातात, आणि लोकांना त्याच्यातलं जे काही आवडतं ते बहुधा तेच. मला हे माहीत नव्हतं असं नाही. जगात कुणाला सर्वांत जास्त माहीत असेल तर मला. तो सहा वर्षांचा, मी अकराची. आम्ही लपाछपी खेळत होतो, तो आईच्या कपाटात लपला होता आणि त्याची बोटं दाराच्या कडेवर बाहेर दिसत होती. मला वाटलं गंमत करावी. मी दार ढकललं. जोरात ढकललं असं नाही. नेहमीसारखंच, पण कपाट लोखंडाचं होतं. तो ओरडलासुद्धा नाही, तोंड उघडून नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हणाले, आईला सांगू नकोस हं, तुला माझे सगळे रंग देते. त्यानं नाही सांगितलं. दोन दिवस तो हात खिशात घालून वावरला, जेवताना उजव्याच हातानं काम भागवत होता, आणि तिसऱ्या दिवशी आईनं आंघोळीच्या वेळी बघितलं तेव्हा बोट काळंनिळं होऊन टम्म फुगलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं, आता जसं जुळेल तसं. शाळेच्या फाटकात अडकलं, असं त्यानं सांगितलं. आजतागायत घरात तेच खरं आहे. आईनं शाळेत जाऊन फाटकावरून भांडणसुद्धा केलं होतं. रंगांची पेटी त्यानं घेतली नाही; मी त्याच्या उशाशी ठेवली, सकाळी ती पुन्हा माझ्या दप्तरात होती. त्याच्या बोटाला हालचाल हवी, काहीतरी करू द्या त्याला हातानं, असं डॉक्टर म्हणाले, पण त्यांचं ते म्हणणं मी फार उशिरा मनावर घेतलं. तो नऊ वर्षांचा झाला तेव्हा एके दिवशी मी त्याला समोर बसवलं आणि गिटार त्याच्या मांडीवर दिली.

शिकवताना मला एक सवय होती. सुरुवात करायच्या आधी मी श्वास घेऊन हलकेच 'हं' म्हणायचे. म्हणजे आता, चल. तो त्या 'हं'शिवाय सुरूच करायचा नाही, बोटं तारांवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. कधी मी मुद्दाम गप्प राहिले तर पाच पाच मिनिटं तसाच बसायचा, मग दोघं हसायचो. माझी सवय गेली नाही. जित्याची खोड म्हणतात तशी ती एकटी वाजवतानाही येते. रविवारी माइक गिटारच्या अगदी जवळ होता आणि माझं तोंड त्याच्यापासून हातभर. रेकॉर्डिस्ट म्हणालाच होता, सुरुवातीला एक 'हं' आलंय, गाण्यातून छाटून टाकतो. गाण्यातून छाटलं. सुट्या फाईलमध्ये ते असणार. ठोंब्यानं ती फाईल लावली की गिटारच्याही आधी त्याला मी ऐकू येणार होते.

आणि तरीही ज्या दिवशी त्यानं तयार गाणं पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मला सांगता आलं असतं. आम्ही चौघं रेकॉर्डिस्टच्या खोलीत उभे होतो. बावीस सेकंद वाजली, पुढचं गाणंही वाजलं, पण तो त्या बावीस सेकंदांतच थांबला होता. सगळं संपल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "हे मी वाजवलं?" त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याच्या चेहऱ्यावर पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो स्वतःवर खूश होता. माझा भाऊ, जो टाळ्या वाजायला लागल्या की ट्यूनिंग करायला खाली वाकतो. रेकॉर्डिस्ट तारा गुंडाळायच्या निमित्तानं टेबलाखाली गेला. मी म्हणाले, "हो. तुकडे जोडले. चौतिसांतून कुठून कुठून." "तो वरचा सूरसुद्धा?" "हो." झालं. एका छोट्याशा वृत्तपत्रानं अल्बमवर चार ओळी छापल्या, त्यांतली एक त्या बावीस सेकंदांवर होती. आईनं ती कापून फ्रिजवर चिकटवली. तेव्हापासून आमच्या घरात पाणी प्यायचं म्हणजे ती ओळ वाचायची.

शुक्रवारी दुकानातून मी सरळ आईकडे गेले. आज सांगायचं असं ठरवून गेले होते, जिना चढताना वाक्यही बांधलं होतं. आई स्वयंपाकघरात होती. "बघ गं तुझ्या भावाला," ती म्हणाली, "तीन आठवडे त्या एका सुराचं दळण चाललंय. शेजारीण विचारत होती, गिटार बिघडलीय का. मी म्हटलं, गिटार चांगली आहे, गिटारवालाच बिघडलाय." मी हसले. आत तो पलंगाच्या कडेवर बसला होता, गिटार मांडीवर, आणि डाव्या करंगळीला पांढरी पट्टी गुंडाळलेली. पेर सुजलेलं दिसत होतं. खाली बादलीत कोमट पाणी. मला एकदम कपाट दिसलं, त्याची बोटं, दाराची कड. मी त्याच्या शेजारी बसले. पलंग तोच जुना, दोघं बसलो की मधोमध खचणारा, त्यामुळे आम्ही नेहमीसारखे एकमेकांकडे कलंडलो.

"काय करून घेतलंयस हे?" मी म्हणाले.

"ताणली तर जाते थोडी. सहाव्यापर्यंत येते." त्यानं दाखवलं. बोट थरथरत होतं, सूर लागला नाही, तार नुसती भणभणली. "सातव्यावर नाही येत. पण त्या दिवशी आली असणार, नाही का?"

"सोडून दे तो सूर. खालून जा, तू आधी जायचास तसा. कुणाला कळणार आहे?" हे रेकॉर्डिस्टचंच वाक्य होतं, तोंडातून बाहेर पडल्यावर मला ओळखू आलं.

"मला कळेल ना."

बाहेर आईनं भांडं आपटलं. मी पट्टीकडे बघत होते. वाक्य तयार होतं, चार शब्दांचं. पण मी विचारलं, "ती फाईल आली का रे?"

"का गं?"

"सहज."

त्यानं पट्टीचं सुटलेलं टोक पुन्हा चिकटवलं, सावकाश, आतल्या बाजूनं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, मीच वाजवलंय ना ते?"

मला माहीत आहे की या ठिकाणी दुसरं कुणीही असतं तर बोललं असतं. मीही बोलणारच होते. पण त्याच क्षणी मला त्याचा तो रेकॉर्डिंगच्या खोलीतला चेहरा आठवला, आणि मला वाटलं, उद्या कार्यक्रम आहे. आत्ता हे काढून घेतलं तर तो उद्या कशाच्या जोरावर उभा राहील? परवा सांगू. कार्यक्रम होऊ दे, मग निवांत सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे सगळं मी त्याच्यासाठी करतेय असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटत होतं, आणि घरी जाताना रस्त्यात, सिग्नलला थांबलेली असताना, समजलं की मी ते माझ्यासाठी केलं. तो माझ्याकडे पुन्हा कधी तसा बघणार नाही याची मला भीती वाटत होती. सहा वर्षांचा असताना तो कपाटातून माझ्याकडे बघत होता तेव्हा त्या नजरेत राग नव्हता, फक्त मी काय करते आहे ते त्याला कळत नव्हतं. आता कळलं असतं.

"हो," मी म्हणाले. "तूच वाजवलंयस."

त्यानं मान हलवली. "बरं," म्हणाला. मग गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि हात बादलीत बुडवला. आईनं चहा आणला. आम्ही तिघांनी तो पिऊन टाकला आणि उद्या कोणी कुठे बसायचं यावर आई बराच वेळ बोलत राहिली.

शनिवारी चार वाजताच मी सभागृहात पोचले. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. रंगमंचाच्या मागे पुस्तकांची रिकामी कपाटं ओळीनं उभी होती, लोखंडी, दारं उघडी. गाणारी दाराशी बसून सीड्यांची चळत लावत होती, ड्रमवाला जमिनीवर गुडघे टेकून ड्रमचा पडलेला खिळा शोधत होता. रेकॉर्डिस्टला आवाज सांभाळायला बोलावलं होतं, तो माझ्या बासची वायर स्पीकरला जोडत होता. मी त्याच्यापाशी वाकून, कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाले, "ठोंब्यानं सुटी फाईल मागितलीय ना, ती आज नको पाठवूस. सोमवारी पाठव. एवढं कर."

त्यानं वर बघितलं. "ताई, ती तर बुधवारीच पाठवली मी. तासाभरात त्याचं उत्तरही आलं, मिळाली, ऐकली म्हणून. तो काही बोलला नाही तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले.

"मग काही नसेल," तो म्हणाला आणि वायर घट्ट बसवली.

बुधवार. मी रंगमंचाच्या कडेला खाली बसले.  गुरुवारी सकाळी साडेअकराला, मी काळी चकती लावलेल्या गृहस्थांपुढे उभी असताना, त्यानं ते ऐकून झालेलं होतं. कुठल्या बोटानं धरलाय गं, असं त्यानं विचारलं ते सगळं माहीत असून. तो बोट विचारत नव्हता. आणि शुक्रवारी, मीच वाजवलंय ना ते, हेही माहीत असून. दोनदा त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं आणि दोन्ही वेळा मी ते लावून घेतलं, सगळं नीट, हसून, चहा पिऊन. मला आठवत राहिलं ते त्याचं 'बरं'. किती हलकं म्हणाला होता तो. मला उठून कुठेतरी निघून जावंसं वाटलं, पण बास माझ्याकडे होता आणि माणसं यायला लागली होती.

तो सव्वासहाला आला, कामावरून थेट, केस ओले करून मागे फिरवलेले. पट्टी होतीच. माझ्याकडे बघून नेहमीसारखी मान हलवली. मी त्याच्याजवळ गेले, म्हणाले, "ऐक ना, मला तुला—" आणि तो म्हणाला, "आई दुसऱ्या रांगेत बसलीय, पहिलीत बसायला तयार नाही." दिवे मंद झाले. आम्ही चढलो.

पहिली तीन गाणी कशी झाली ते मला सांगता येणार नाही. झाली. माझी बोटं आपापलं काम करत होती. सव्वाशे माणसं असावीत; दुसऱ्या गाण्याला लोक टाळ्यांनी ताल धरू लागले, गाणारी फार छान गात होती, ड्रमवाला हसत होता. मी पूर्ण वेळ ठोंब्याचा डावा हात बघत होते. तीन बोटं चालत होती, चौथं आत दुमडलेलं, पांढरं. तिसरं गाणं संपलं. गाणारीनं चौथ्याचं नाव सांगितलं आणि ती माइकपासून दोन पावलं मागे सरली, ड्रमवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या. मागे कुणीतरी खोकलं आणि थांबलं. आता बावीस सेकंद. मला वाटलं तो खालून जाईल, त्याच्या जुन्या वाटेनं, आणि ते सर्वांत बरं होईल; आणि मला वाटलं तो वर जायला बघेल आणि तार भणभणेल, आणि ते सव्वाशे माणसांना ऐकू येईल, आईला ऐकू येईल, आणि तेही मीच केलेलं असेल.

त्यानं विजेची गिटार उतरवून ठेवली आणि लाकडी गिटार उचलली. पण पट्टा गळ्यात घातला नाही. ती हातात घेऊन रंगमंचावरून सरळ माझ्याकडे चालत आला. गाणारी बघत राहिली, हे ठरलेलं नव्हतं. तो माझ्यासमोर उभा राहिला, गिटार माझ्यापुढे धरली, आणि दुसरा हात माझ्या बाससाठी पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी शोधला, मिळाला असता तर बरं वाटलं असतं. थकवा होता, आणि आणखी काहीतरी, जे मी ओळखायच्या आत त्यानं माझ्या खांद्यावरचा पट्टा स्वतःच उचलून काढला, लिफ्टमधून माणसाला बाहेर घेतात तसा, जपून. हे बक्षीस होतं की शिक्षा, मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. मी गिटार घेतली. पट्टा त्याच्या मापाचा, माझ्यासाठी लांब, ती पार खाली लोंबली; मी ती वर ओढून धरली आणि कोपरानं पोटाशी दाबली. त्यानं बास अडकवला आणि माझ्या जागी, मागे, जिथे कुणी बघत नाही तिथे जाऊन उभा राहिला. कोपऱ्यातून रेकॉर्डिस्ट खुणेनं विचारत होता, चालू करू? दुसऱ्या रांगेत आई पुढे वाकून बघत होती.

मी बोटं तारांवर ठेवली. सगळं लक्षात होतं, पहिला सूर कुठला, शेवटी करंगळी कुठे जाणार. पण हात हलेना. श्वास घेतला आणि तोही तसाच छातीत अडकून राहिला, त्यातून काहीच बाहेर येईना. सभागृह शांत होतं. मी बोटं ठेवून तशीच उभी राहिले, आणि मग, काही न सुचून, मान वळवून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, किती वेळ कोण जाणे. मग खालच्या आवाजात, मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्याच, तो म्हणाला, "हं."